हिवरटेकडीचा एकांत बिंदू

योगेंद्र आणि दिपमाला यांच्या लग्नाला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत दोघांचं एकही खासगी बोलणं झालेलं नव्हतं. यात कोणाचाच दोष नव्हता. जळगावातल्या त्यांच्या घरात बोलणं भरपूर व्हायचं, फक्त ते सर्वांसाठी खुलं असायचं. दोघांच्या खोलीची भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. हवा खेळती राहावी म्हणून योगेंद्रच्या वडिलांनी, म्हणजे अभिमन आबांनी, ती मुद्दाम तशी ठेवून घेतली होती. हवेसोबत बाकीचंही खेळतं राहायचं. एकदा दिपमालाने अगदी कुजबुजत "उद्या डब्याला गवार करू का?" असं विचारलं, तेव्हा भिंतीपलीकडून सासूबाईंनी, म्हणजे ताईबाईंनी, "बटाटा टाक जरा" असं उत्तर दिलं होतं.

बाहेर जाण्याचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी दोघं मेहरूणच्या तळ्यावर जाऊन बसले. आबांचे एक मित्र तिथे फिरायला आले होते. नवरा-बायको दोघंच, हातात पिशवी नाही, बरोबर कोणी नाही, हे पाहून ते चालता चालता थबकले. "काय रे, घरी काही झालं का?" त्यांनी काळजीने विचारलं. काही झालं नाही, असं योगेंद्रने सांगितल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. दोघं घरी पोहोचेपर्यंत फैजपूरहून मामांचा समजुतीचा फोन येऊन गेला होता, आबा पेपर उलटा धरून बसले होते आणि ताईबाई पदराने डोळे पुसत होत्या. "आमचं काय चुकलं ते तरी सांगा," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघांनी तळ्याचं नाव काढलं नाही.

अशा परिस्थितीत एका गुरुवारी सकाळी, डबा हातात देताना, दिपमाला दारातच हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याशी एक बोलायचंय. सोमवारच्या आत. इथे नाही."

ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात योगेंद्र माल रवाना करण्याचं काम पाहायचा. त्या दिवशी चोपड्याच्या नळ्या चाळीसगावच्या ट्रकमध्ये गेल्या. संध्याकाळी तो दिपमालाला घेऊन गच्चीवर गेला. शेजारच्या गच्चीवर मंजुळाबाई पाय पसरून ऊन संपायची वाट पाहत बसल्या होत्या. "बोला, बोला, मी काही ऐकत नाही," असं म्हणत त्यांनी कानावरचा पदर मागे केला. दिपमालाने दोरीवरचे वाळलेले कपडे काढले आणि दोघं खाली आले.

शुक्रवारी बसस्टँडजवळ योगेंद्रला तो फलक दिसला. 'सहजीवन सहल. फक्त दोघांसाठी. हिवरटेकडी, पारोळ्याजवळ. तळं, बुरूज, भरीत आणि निवांत एकांत.' खाली जिल्हा सहजीवन पर्यटन प्रोत्साहन समितीचं नाव होतं. योगेंद्रने फटफटी तिथेच उभी केली आणि थेट समितीचं कार्यालय गाठलं.

समितीचे संयोजक प्रेमराज एका प्लायवूडच्या केबिनमध्ये बसले होते. मागच्या भिंतीवर दोन हंसांचं चित्र होतं आणि दोन्ही हंसांवर समितीचा शिक्का होता.

"जाहिरातीत फक्त दोघांसाठी असं लिहिलंय," योगेंद्र म्हणाला.

"आहेच मुळी. सहल दोघांसाठीच असते," प्रेमराज म्हणाले. "बाकीचे नुसते सोबत असतात."

"बाकीचे कोण?"

"ओळखदार. एक मुलाकडचा, एक मुलीकडचा."

"पण आमचं लग्न झालंय."

"झालंच असेल. पण ते आम्हाला कोण सांगणार?"

"मी सांगतोय ना."

प्रेमराज फार प्रेमळपणे हसले. "साहेब, तुम्ही लाभार्थी. लाभार्थ्याच्या शब्दावर योजना चालवली तर उद्या योजनाच राहणार नाही."

"मग लग्नाचा दाखला आणतो."

"दाखल्यावरून लग्न कळतं, माणूस नाही कळत. टेकडीवर तुम्ही दोघं बसलेले आहात, एखाद्याने विचारलं, हे कोणाचे? तर उत्तर द्यायला माणूस नको? तुम्हीच सांगा, तुम्हाला असं जोडपं दिसलं तर तुम्ही काय विचारता?"

योगेंद्रही हेच विचारायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी अनोळखी बसला, तर पहिला घास घ्यायच्या आत तो कोणाचा, कुठला आणि आपल्याकडे कोणामार्फत लागतो, एवढं योगेंद्र काढून घ्यायचा. त्यात त्याला गैर काही वाटत नसे. "ओळखदार लांब बसतील ना?" एवढंच त्याने विचारलं.

"अर्थात! एकांत हा आमच्या योजनेचा आत्मा आहे," प्रेमराज म्हणाले. "ओळखदार फक्त हरकत घेता येईल इतक्या अंतरावर असतात."

आता मुलाकडचा ओळखदार म्हणजे आबा, हे उघड होतं. आबांना सांगितलं तेव्हा ते नख कापत होते. "पारोळाकडे ना? येस मी. माले काय काम शे?" ते म्हणाले. आबा जाणार म्हटल्यावर ताईबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुम्ही बठ्ठा चालनात, आन मी काय घर राखू?" आबा आणि ताईबाई पारोळ्याकडे जाणार म्हणजे वाटेत एरंडोल लागणार. एरंडोलला आबांची थोरली बहीण, यशोदाबाई आत्या, रस्त्याला लागूनच राहते. बहिणीच्या दारावरून गाडी जावी आणि थांबू नये, ही खान्देशात साधी गोष्ट समजली जात नाही. आबांच्या एका चुलत्याने तरुणपणी धरणगावातून जाताना मेहुण्याकडे चहा घेतला नव्हता. त्या दोन घरांमध्ये आजही लग्नपत्रिका टपालाने जाते.

फटफटीचा बेत त्याच क्षणी रद्द झाला आणि क्रूझर ठरली. क्रूझर ठरल्यावर ती रिकामी कशी न्यायची, या विचाराने काकांकडच्या दोघी आल्या. हिवाळ्याचे दिवस, टेकडी, वर मोकळी हवा, म्हणजे भरीत आलंच. त्यामुळे भरताची हिरवी-पांढरी वांगी, मिरच्या, कांद्याची पात, कळण्याच्या भाकरीचं पीठ, ते मळायची काथवट, मोठं पातेलं आणि वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा असं सगळं टपावर आणि आत भरलं गेलं.

रविवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा रीतीप्रमाणे पुरुष पुढे आणि बायका मागे बसल्या. दिपमाला सर्वांत मागच्या बाकावर, मांडीवर काथवट घेऊन बसली होती. योगेंद्रने मधल्या आरशातून तिच्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला. आरशात त्याला पातेलं दिसलं.

एरंडोलला यशोदाबाई आत्या दारातच उभ्या होत्या. "गाडी भरीसन चालनात, आन माले इचारं सुद्धा नही?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. चहा उकळेपर्यंत त्यांची समजूत काढली गेली आणि चहा गाळेपर्यंत त्या लुगडं बदलून तयार होत्या. पारोळ्याला दिपमालाचे वडील आधार नाना मुलीकडचे ओळखदार म्हणून वाट पाहत होते. व्याही पहिल्यांदाच असे वाटेत भेटत होते, तेव्हा टोपी, टॉवेल, नारळ झालं. दिपमालाच्या आईने सर्व बायकांच्या ओट्या भरल्या. आधार नानांच्या शेजाऱ्यांना व्याह्यांना पाहायचं होतं. ते पाहता पाहता गाडीत बसले.

हिवरटेकडीच्या पायथ्याशी ठिकठिकाणाहून आलेल्या अशाच गाड्या उभ्या होत्या. वर एक लहान तळं होतं, तळ्याच्या काठावर एका जुन्या गढीचा शिल्लक राहिलेला बुरूज होता आणि बुरुजावर 'एकांत बिंदू' अशी मोठी पाटी होती. 'येथे गर्दी करू नये, रांगेनेच एकांतात जावे' असं पाटीच्या खाली लिहिलेलं होतं. रांग बरीच लांब होती. रांगेच्या तोंडाशी उखर्डू नावाचे एकांत निरीक्षक गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. जोडप्याने एकमेकांकडे जास्त वेळ पाहिलं की ते शिट्टी वाजवत, आणि अजिबात पाहिलं नाही तरीही वाजवत, कारण मग योजनेचा उद्देश सफल होत नसे.

कर्ण्यातून प्रेमराज यांचा आवाज टेकडीभर घुमत होता. "अमळनेरहून आलेलं जोडपं, आपला एकांत संपला आहे. कृपया उतरावं. चोपड्याचं जोडपं, आपला एकांत सुरू होत आहे. चोपड्याचे ओळखदार, आपण कुठे आहात? ओळखदारांनी हात वर करावा."

नंबर यायला वेळ होता म्हणून योगेंद्र आणि दिपमाला यांना आधी नौकाविहार देण्यात आला. दोघांपुरती पायडलची होडी होती. योगेंद्रच्या जिवात जीव आला. पाण्यात तरी कोण येणार? होडी काठापासून सुटली, दोघांनी पायडल मारायला सुरुवात केली आणि थोडं अंतर गेल्यावर होडी गचका खाऊन थांबली. होडीला मागून दोरी बांधलेली होती आणि दोरीचं टोक काठावर आबा आणि आधार नाना यांच्या हातात होतं. सुरक्षिततेसाठी दोरीची लांबी समितीनेच ठरवली होती. काठावरच्या माणसाला होडीतलं बोलणं नीट ऐकू येईल इतकीच ती लांब होती.

"मला धुळ्याला..." दिपमालाने सुरुवात केली.

"धुळाले काय शे?" काठावरून यशोदाबाई आत्यांनी विचारलं.

"काही नाही आत्या, थंडी आहे म्हणत होते," दिपमाला म्हणाली.

"मंग ओढा रे होडी! पोरले थंडी वाजी ऱ्हायनी!" आत्यांनी हुकूम दिला आणि दोन्ही व्याह्यांनी मिळून एकांत काठाला ओढून घेतला.

त्यानंतर संवाद सत्र होतं. लग्नानंतर जोडपी एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत, अशी समितीला चिंता होती, म्हणून प्रत्येक पत्नीने सर्वांसमोर माइकवर नवऱ्याला मनातलं सांगायचं होतं. ते उखाण्यातून सांगितलं तर जादा टाळ्या मिळणार होत्या. दिपमालाने माइक हातात घेतला. तिच्या मनात जे होतं ते यमकात बसण्यासारखं नव्हतं. शेवटी तिने महादेवाच्या पिंडीला बेल वाहिला, नेहमीप्रमाणे नाव घेतलं आणि खाली बसली. टाळ्या भरपूर पडल्या. योगेंद्रला मात्र वाईट वाटलं. तिचा चेहरा असा कधी पडलेला त्याने पाहिला नव्हता, आणि उद्या सोमवार होता.

तोवर काड्या पेटल्या होत्या. वांगी भाजली, सोलली, ठेचली, तेलात मिरची-लसूण तडतडला. दिपमाला बायकांमध्ये भाकरी थापत होती, योगेंद्र पुरुषांमध्ये वाढत होता. मध्ये टेकडी होती. भरीत अप्रतिम झालं होतं, हे इथे नमूद केलंच पाहिजे. आबांनी तिसऱ्यांदा घेतलं आणि ढेकर देऊन म्हणाले, "पोरंसले असं अधूनमधून दोघंसलेच बाहेर आणाले पाहिजे."

जेवणं झाल्यावर प्रेमराज घाईघाईने आले. पुढच्या हंगामाच्या फलकासाठी एक फोटो हवा होता आणि योगेंद्र-दिपमाला हे जोडपं त्यांना उठून दिसलं होतं. दोघांना बुरुजावर उभं केलं गेलं. लग्नांचे फोटो काढणारा एक अनुभवी फोटोवाला मोठी लेन्स लावून तळ्याच्या पलीकडच्या काठावर गेला आणि तिथून फोनवर कुरकुर करू लागला.

"एकांत दिसत नाहीये हो. मागे एक टोपी येतेय."

आबांना टोपीसकट हलवण्यात आलं.

"आता लुगडं येतंय."

आत्यांना आणि त्यांच्यासोबत सर्व बायकांना उताराखाली पाण्याच्या टाकीमागे नेण्यात आलं. मग रांग दिसत होती म्हणून रांग टाकीमागे गेली. कर्ण्याचा खांब मध्ये येत होता, तो उपटून आडवा केला. उखर्डूंना शिट्टीसकट हटवलं. शेवटी एकांत बिंदूची पाटी फारच डोळ्यांत येत होती, म्हणून तीही काढली.

आणि मग टेकडीवर कोणीच राहिलं नाही. वारा होता. खाली पाणी होतं. दूरवर तो फोटोवाला ढगातून ऊन यायची वाट पाहत होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा योगेंद्रला आपल्या बायकोचा श्वास ऐकू आला.

"हसत राहा, आणि ऐका," दिपमाला समोर पाहून हसत म्हणाली. "धुळ्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये मला घेतलंय. उद्या हो किंवा नाही कळवायचंय. तुमच्या कंपनीचं धुळ्यात गोदाम आहे, तुम्ही मागितलं तर बदली देतील. एक खोली घेऊ. भिंती छतापर्यंत असलेली. दोघंच राहू. सणावाराला इकडे येऊ." ती थांबली. हसू तसंच ठेवून म्हणाली, "मला कोणाचं काही नको. तुम्हाला काय वाटतं तेवढं सांगा. तुम्हाला एकट्याला."

योगेंद्रला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. ती खोली त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. खिडकीत दोन कप, दाराला आतून कडी. या मुलीने आठ महिने हे मनात धरून ठेवलं आणि सांगायचं ते फक्त आपल्याला सांगितलं, याचा त्याला अभिमान वाटला. हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. एवढं मोठं काही आयुष्यात घडलं की त्याच्या घशातून जे निघायचं, तेच निघालं.

"आबाऽऽ!" तो टाकीच्या दिशेने वळून ओरडला. "आबा, जरा वर या!"

दिपमालाचं हसू क्षणभर तसंच राहिलं. तेवढ्यात ऊन आलं आणि फोटोवाल्याने बटण दाबलं.

टाकीमागचे सगळे धावत वर आले. काय झालं, कोण पडलं, अशी चौकशी झाली. योगेंद्रने मोठ्या उत्साहाने सर्व सांगितलं. इथे कोणाला वाटेल की मंडळींनी विरोध केला असेल. तसं मुळीच झालं नाही. आबांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. ताईबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. "लॅबमा नोकरी! चांगलं व्हयनं!" यशोदाबाई आत्या म्हणाल्या. आधार नानांनी उपरण्याने डोळे टिपले. नोकरी एकमताने मंजूर झाली.

"फक्त खोली कसाले?" आबा म्हणाले. "देवपूरमा भिकुबाई शे ना."

भिकुबाई म्हणजे ताईबाईंची सख्खी बहीण. तिचं धुळ्यात देवपूरला घर होतं, घरात मुलं, सुना, नातवंडं होती आणि त्यात आणखी एक सून सहज मावली असती. धुळ्यात मावशी असताना भाड्याने खोली घेणं म्हणजे मावशीचा सरळसरळ पाणउतारा होता, हे सर्वांना पटलं. मावशीच्या घरी भाचा घरजावयासारखा राहिला तर बरं दिसणार नाही, हेही पटलं. शिवाय आबांचं बीपी होतं आणि जळगावला कोणीतरी पाहिजे होतं. म्हणून दिपमालाने मावशीकडे राहावं आणि योगेंद्रने आबांजवळ राहावं, असं ठरलं. सर्वांची सोय पाहणारा इतका समजूतदार निर्णय बुरुजावर याआधी झाला नसावा. प्रेमराज यांनी कर्णा पुन्हा उभा करून संवाद सत्र यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

"झालं की नाही तुझ्या मनासारखं?" परतीच्या वाटेवर पायऱ्या उतरताना योगेंद्रने हळूच विचारलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," दिपमाला म्हणाली. मग ती पुढे जाऊन गाडीत बायकांमध्ये बसली.

तिने सोमवारी होकार कळवला आणि ती धुळ्याला गेली. योगेंद्र तिला रोज फोन करतो. फोन मावशीच्या घरी स्पीकरवर असतो, कारण मावशीलाही त्याची विचारपूस करायची असते. त्यांच्या फोटोचा फलक आता जळगावपासून धुळ्यापर्यंत हायवेवर जागोजागी लागला आहे. त्यात निळं आभाळ आहे, बुरूज आहे आणि दोघंच आहेत. ती समोर पाहून हसते आहे आणि तो मान वळवून दूर कुठेतरी पाहतो आहे. 'खान्देशात या. फक्त दोघं.' फोटो फार स्वाभाविक आला आहे, असं सर्वांचं म्हणणं पडलं. दिपमाला लॅबला जाते त्या चौकातही एक फलक आहे. ती त्याच्याकडे पाहते की नाही, हे मावशीलासुद्धा माहीत नाही.

रविवारी योगेंद्र मोकळाच असतो. त्यामुळे प्रेमराज यांनी त्याला समितीवर मानद एकांत निरीक्षक म्हणून घेतलं. सुरुवातीला त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. पण माणसं सांगतील ते ऐकतात, रांग सरळ राहते, शिट्टीचा आवाज तळ्यावर छान घुमतो. काम अंगवळणी पडायला वेळ लागला नाही.

परवाच्या रविवारी उन्हं उतरल्यावर गाड्या परत गेल्या होत्या आणि योगेंद्र टेकडीवर शेवटची फेरी मारत होता. बुरुजावर एक मुलगा आणि एक मुलगी पाठमोरी बसलेली त्याला दिसली. आजूबाजूला ओळखदार नव्हता. गाडी नव्हती, पातेलं नव्हतं. ती मुलगी खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. नुसता ऐकत होता. योगेंद्र बराच वेळ उभा राहिला. त्याला फोटोच्या वेळचं ते ऊन आठवलं, पण कर्तव्य ते कर्तव्य. त्याने शिट्टी फुंकली.

"कोणाचे रे तुम्ही?"

दोघांनी मागे वळून पाहिलं. मग काही उत्तर न देता ते उठले आणि टेकडी उतरून निघून गेले.

त्या दोघांचं लग्न झालेलं होतं की नव्हतं, ती कुठली, कोणाची, तिने त्याला काय सांगितलं, याची कोणतीही माहिती समितीला मिळू शकली नाही, आणि म्हणून ती इथेही दिलेली नाही. हे वाचताना आपल्याला ती विचारावीशी वाटली असेल, तर कळवण्यास आनंद होतो की, वाढत्या कामामुळे हिवरटेकडीवर मानद निरीक्षकाची आणखी एक जागा भरायची आहे. अनुभवाची अट नाही. शिट्टी समितीकडून मिळेल.